पाहुण्यासाठी जुना तांदूळ

२५ नोव्हेंबर २०१३, सोमवार

काल राजदीपचं दुकान सुरू झालं. दुकान म्हणजे खानावळच. फुलचूर नाक्याजवळ आधी फोटो स्टुडिओ होता, त्या खोलीत सहा टेबलं टाकलीत आणि दारावर बोर्ड लावला आहे : 'जपानी जेवण, दुपारी ११ ते ३'. संध्याकाळी बंद. गोंदियाचा माणूस बाहेर जेवायला दिवे लागल्यावरच निघतो, हे मी त्याला सांगून पाहिलं. म्हणाला, "दुपारचंच जमते मले, बाबा. रात्री लोक पिऊन येतेत."

बुद्धवंदना झाली आणि पहिलं ताट मला वाढलं. ताट कसलं, काळी वाटी. खाली भात, वर कांदा-अंड्यात शिजवलेली कोंबडी. बाजूला वरणाच्या पाण्यासारखं सूप, मुळ्याच्या पिवळ्या चकत्या आणि खायला दोन काड्या. मी काड्या बाजूला ठेवल्या आणि हात धुऊन आलो.

कोंबडी चांगली होती. खोटं कशाला लिहू, फार चांगली होती. पण भात! बोटांनी उचलला तर गोळाच वर येतो. शिताला शीत चिकटलेलं. आमच्याकडे असा भात तापातल्या माणसाला देतात. नव्या सुनेच्या हातून झाला तर सासू गावभर सांगत फिरते. पसावलेला, मोकळा, ताटात सांडला तर मोजता यावा असा भात मी जन्मभर खाल्ला, आणि चाळीस वर्षं दलालाच्या गादीवर बसून तांदूळ पारखला. पोत्यात परखी खुपसायची, नळीतून हातावर दाणे घ्यायचे, एक दाताखाली धरायचा. नवा का जुना, किती महिन्यांचा, मी डोळे मिटून सांगायचो. मिलवाले भांडले की म्हणायचे, "केवळरामला बोलवा." मी एकदाही सॅम्पल खोटं सांगितलं नाही. त्याच केवळराम रामटेकेच्या पोराने पहिल्या दिवशी बापाला गिच्चा भात वाढला.

"कसा झाला?" त्याने विचारलं.

"कोंबडी बरी आहे," एवढंच म्हटलं. त्याचा चेहरा जरा उतरला.

९ डिसेंबर, सोमवार

दिवसाला दहा-बारा माणसं येतात. अर्धे "चायनीज आहे का?" विचारून परत जातात. कॉलेजच्या पोरी काड्या घेऊन केसांत खोवतात. भैय्यालाल, माझा गादीवरचा जुना सोबती, आज मुद्दाम जेवून आला आणि चहाच्या टपरीवर चार लोकांत मला म्हणाला, "केवळ भाई, लड़का मुर्गी तो बढ़िया बनाता है, पर चावल? आपके घर में ऐसा चावल?" सगळे हसले. मीही हसलो. काय करणार?

घरी येऊन राजदीपला विचारलं, "तांदूळ कोठून आणतोस?"

"केशोरीकडचा एक शेतकरी आहे. यंदाचाच, जाडा, आखूड दाना. उकडून केलेला उसना नाही, कच्चाच कांडून घेतला."

"नवा?"

"नवाच लागते, बाबा. जुना चिकटत नाही."

"मले विचारलं असतं तर..."

"तुमी जुनाच दिला असता," तो म्हणाला आणि हसून आत गेला.

हसून गेला खरा, पण मला लागलं. सगळा बाजार ज्याला विचारून माल उचलतो, त्याला घरचं पोर विचारत नाही. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते हेच. 'नवाच लागते' ही त्याची सबब असणार. जुना तांदूळ महाग पडतो, म्हणून गिच्च्या भाताला जपानी नाव दिलं असेल.

२८ डिसेंबर, शनिवार

आज राजदीप घरात शिरला तो बुटासकट. त्याचे उस्ताद येणार आहेत. पुण्यात ज्यांच्याकडे तो सहा वर्षं होता ते मोरीसान, सत्तरीचे जपानी गृहस्थ. तिथल्या जपानी इंजिनिअर लोकांना दुपारचं जेवण घालायचे. पहिली तीन वर्षं त्यांनी माझ्या पोराकडून फक्त तांदूळ धुऊन घेतले. हे मला कळलं तेव्हा मी दोन महिने त्याच्याशी फोनवर बोललो नाही. आपल्या माणसाने शिकावं म्हणून आमच्या बापजाद्यांनी जिवाचं रान केलं, आणि हा बी.एस्सी. होऊन दुसऱ्याच्या घरचे तांदूळ धुतो!

निघताना ते त्याला म्हणाले होते, "तुझा भात तुला पटला की मला बोलाव. मी येऊन जेवेन." राजदीपने आता बोलावलं. मोरीसान फेब्रुवारीत पुण्याचं दुकान कायमचं बंद करून मायदेशी जातायत. त्याआधी १९ जानेवारीला, रविवारी, दुपारच्या जेवणाला इथे येतील. भात मनासारखा निघाला तर राजदीपला सोबत नेणार, त्यांच्या भावाच्या खानावळीत. कायमचं काम.

अन्नपूर्णा रडली, हसली, पुन्हा रडली. "जपानात! भगवंताच्या देशात जाऊन राहिला माझा पोरगा!" आमच्या अन्नपूर्णाबाईंच्या मते जिथे जिथे बुद्धाची मूर्ती आहे तो सगळा एकच देश आहे, आणि रामटेकहून थोडा पुढे आहे.

मी म्हटलं, "जा. चांगलं आहे." मनापासून म्हटलं. एकुलता एक आहे, पण म्हणून काय दाव्याला बांधून ठेवायचं?

११ जानेवारी २०१४, शनिवार

अन्नपूर्णा तीन दिवसांपासून अंगणात सूप घेऊन बसली आहे. मोरीसानांसाठीचा तांदूळ ती निवडते आहे. तुटका दाणा नको, पांढऱ्या पोटाचा नको, लहान-मोठा नको. पाच किलोंतून निवडून तिने जेमतेम दोन किलो काढला. चष्मा पुसते आणि पुन्हा बसते. ती म्हणाली, "तुमीबी बसा ना. तुमची नजर चांगली आहे." मी म्हटलं, मला काम आहे. काम काही नव्हतं. मला त्याने बोलावलं नाही.

राजदीप रोज भात शिजवून पाहतो आणि स्वतःशीच मान हलवतो. काल म्हणाला, "आई, आता हात बसला." तो निवडलेला तांदूळ त्याने स्टीलच्या डब्यात भरून दुकानात वरच्या फळीवर ठेवला आहे.

१५ जानेवारी, बुधवार

आज टपरीवर भैय्यालालने पुन्हा विषय काढला. "इतना बड़ा मेहमान आ रहा है, नया चावल खिलाओगे?"

बरोबर बोलला. व्याही येवो, साहेब येवो, पाहुण्यासाठी जुना तांदूळ काढायचा ही आपली रीत आहे. गरिबाच्या घरीसुद्धा मडक्यात चार शेर जुना ठेवलेला असतो. नवा वाढला की पाहुणा समजतो, ह्यांच्याकडे कालची पुंजी नाही. सत्तर वर्षांचा माणूस, सारं जग जेवलेला, तो गिच्चा भात खाऊन काय म्हणेल? शितावरून भाताची परीक्षा, आणि भातावरून घराची.

मिलमध्ये जाऊन आलो. तिथला जुना माल मला पाठ आहे. राजदीपकडे आहे त्याच जातीचा, तेवढाच आखूड दाणा, पण मुरलेला. कडुलिंबाचा पाला घालून ठेवलेला. मालक म्हणाले, "केवळरामजी, आपके लिए नहीं तो किसके लिए?" दोन किलो मागून आणला. दाणा दाताखाली धरला. कट्‌कन तुटला. अहाहा.

१८ जानेवारी, शनिवार

काम झालं. दुपारी तीनला राजदीप मासोळी सांगायला बाजारात गेला तेव्हा मी दुकानात जाऊन डबा बदलला. म्हणजे डबा तोच, आत माझा तांदूळ. अन्नपूर्णाने निवडलेला घरी आणून आमच्या मागच्या रिकाम्या कोठीत ओतला, वाया कशाला घालवायचा? रंगात उन्नीस-बीसचा फरक आहे, मलाच दिसेल.

त्याला सांगितलं असतं तर त्याने ऐकलं नसतं. उद्या भात फुलला की मग सांगीन. तेव्हा कळेल बाप काय चीज आहे.

सकाळी त्याने पासपोर्टचे कागद टेबलावर पसरले होते. त्यात त्याचा एक नवा फोटो होता, कोट घातलेला. ओळखूच येईना. जपान किती लांब असेल?

१९ जानेवारी, रविवार

सगळं नीट लिहायचं आहे.

मोरीसान अकरा वाजता नागपूरहून गाडी करून आले. बारीक, ताठ, पांढरा शर्ट. मला आणि अन्नपूर्णाला वाकून नमस्कार केला. बारा वर्षं पुण्यात राहून हिंदी मोडकं-तोडकं येतं. राजदीपने दुकान आज इतरांसाठी बंद ठेवलं होतं. सकाळी वीज नव्हती, तर त्याने मेणबत्तीच्या उजेडात तांदूळ धुतला. मी बाहेर उभं राहून पाण्याचा आवाज ऐकला.

भात झाला. झाकण काढलं आणि वास दारापर्यंत आला. मी आत डोकावलो. काय फुलला होता! शीत नि शीत वेगळं. एक क्षण, खरं लिहितो, इतका आनंद मला राजदीप पास झाला तेव्हाही झाला नव्हता.

मग मी त्याचं तोंड पाहिलं.

तो भांड्यात पाहत उभा होता. लाकडी पळी घातली, भात पळीवरून घरंगळला. त्याने ओल्या हातात मूठभर घेतला आणि गोळा करायला लागला. हात उघडला तर भात बोटांतून खाली. पुन्हा घेतला, पुन्हा दाबला. पुन्हा खाली. तिसऱ्यांदा हात पुन्हा ओला करून घेतला, तरी तेच. अन्नपूर्णा हळूच म्हणाली, "का झालं बापू?" तो म्हणाला, "पानी कमी पडलं वाटते. नाही, पानी तेवढंच होतं. मले समजत नाही, आई."

दुसरा शिजवायला तासभर हवा. पाहुणा बसलेला. त्याने तोच वाटीत भरला, वर तलावातली भाजलेली मरळ ठेवली आणि नेऊन दिला.

मोरीसानांनी काडीने भात उचलला. तोंडापर्यंत जाईना. मग त्यांनी वाटीच ओठाला लावली आणि काडीने भात आत लोटत जेवले. काही शितं त्यांच्या पँटवर पडली. त्यांनी एकेक वेचून खाल्लं. वाटी रिकामी केली. मी वाट पाहत होतो, आता म्हणतील, आता म्हणतील.

त्यांनी वाटी खाली ठेवली. मग राजदीपला म्हणाले, "मछली बहुत अच्छा. यह चावल... यह तुम्हारा चावल नहीं है."

"जी," राजदीप म्हणाला. खाली मान घालून. "मेरी गलती है."

ते उठले. जाताना त्यांनी राजदीपच्या खांद्यावर हात ठेवला आणि काढून घेतला. गाडी वळेपर्यंत तो वाकून उभा होता.

माझ्या तांदळात दोष नव्हता. एवढं मी छातीवर हात ठेवून सांगतो.

२० जानेवारी, सोमवार

सांगायचं राहून गेलं. आज तो दिवसभर झोपून होता.

२७ जानेवारी, सोमवार

दुकान आठ दिवस उघडलेलं नाही. मी म्हटलं, "लोकं विचारून राहिले. उघड ना." म्हणाला, "कायले? सहा वर्षं एकच गोष्ट शिकलो, तेच येत नाही. मोरीसान बरोबर बोलले. तो हात माझा नाही."

"एक दिवस बिघडला म्हणून..."

"त्याच दिवशी बिघडला, बाबा. रोज झाला, त्याच दिवशी नाही झाला. म्हनजे आधीचा नशिबाने होत होता."

मी काहीतरी बोललो असतो, पण तेवढ्यात अन्नपूर्णा चहा घेऊन आली.

३ फेब्रुवारी, सोमवार

आज घरातला रोजचा तांदूळ संपला म्हणून अन्नपूर्णाने मागची कोठी उघडली. दुपारी ताट वाढलं आणि समोर बसली. भात गिच्चा होता. मी कालवून घेतला. मग आत जाऊन तिने मूठभर कच्चे तांदूळ आणले आणि माझ्या ताटाशेजारी ठेवले.

"हा म्या निवडला आहे," ती म्हणाली. "एकबी कणी नाही याच्यात. हा दुकानात होता. घरी कसा आला?"

चोराच्या मनात चांदणं. मी म्हटलं, "उरला असेल."

"उरला? दोन किलो होता, दोन किलोच आहे." मग तिला समजलं. तोंडाला पदर लावून बसून राहिली. रागावेल असं वाटलं होतं, पण तिने फक्त विचारलं, "काऊन जी? काऊन केलं असं?"

मी रीत सांगितली. पाहुण्याला जुना तांदूळ, घराची इज्जत, भैय्यालाल काय म्हणाला. ती ऐकत होती. मग म्हणाली, "त्याने तुमाले शंभर खेप सांगितलं, नवाच लागते म्हनून. तुमाले ऐकू नाही आलं का तुमाले ऐकाचं नव्हतं?"

मी ताटावरून उठलो.

"तुमी सांगा त्याले," ती मागून म्हणाली. "मी नाही सांगनार. तुमी सांगा. मोरीसान अजून पुन्यातच आहेत. फोन कराले का लागते?"

५ फेब्रुवारी, बुधवार

उद्या सांगतो.

८ फेब्रुवारी, शनिवार

आज तो अंगणात एकटा होता. मी खुर्ची घेऊन गेलो. म्हटलं, "राजदीप, त्या दिवशीचा तांदूळ..." तो म्हणाला, "बाबा, तांदूळ नका काढू. हात जोडतो." मी खुर्ची उचलून परत आलो. त्यानेच थांबवलं, मी काय करू?

नाही. हे खोटं आहे. त्याने थांबवलं तेव्हा मला हायसं वाटलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

अन्नपूर्णा माझ्याशी कामापुरतं बोलते. रोज तोच निवडलेला तांदूळ शिजवते आणि मला वाढते. संपेपर्यंत वाढणार आहे. मी जेवतो. सवय झाली की वाईट लागत नाही. वरण कालवलं की घास चांगला वळतो. आज पहिल्यांदा वाटलं, ह्याला चव आहे.

ती ऐकू येण्याचं म्हणाली ते डोक्यातून जात नाही. इथे कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो. १८ तारखेला डबा हातात घेतला तेव्हा त्याचा तो कोटातला फोटो माझ्या डोळ्यांसमोर होता. मी स्वतःला म्हटलं, ह्या भाताने त्याचं भलं होईल. आणि त्याच्या खाली, अगदी तळाला, आणखी एक वाक्य होतं : नाही झालं भलं, तर तो इथेच राहील. मी ते वाक्य नीट ऐकलं नाही. पण ते होतं.

२३ फेब्रुवारी, रविवार

मोरीसान काल रात्रीच्या विमानाने गेले. राजदीपला मेसेज आला. त्याने वाचून फोन पालथा ठेवला आणि भाजी निवडायला आईजवळ बसला. आता सांगून काय होणार? उगाच बाप-लेकात वितुष्ट येईल, एवढंच.

३ मार्च, सोमवार

राजदीप कामाला लागला. माझ्याच जुन्या गादीवर. मीच शब्द टाकला. हातात परखी घेऊन तो पोत्यांमधून फिरतो, दाणे हातावर घेतो. भैय्यालाल म्हणाला, "बाप की नज़र है लड़के में." लहानपणी, सात-आठ वर्षांचा असताना, मी त्याला मांडीवर घेऊन दाणा चावायला शिकवलं होतं. नवा मऊ लागतो, जुना कट्‌कन तुटतो. तो सगळ्याच दाण्यांना "कट्‌" म्हणायचा.

रोज सहाला घरी येतो. जेवतो. शेजारी म्हणतात, नशीबवान आहात केवळरामजी, पोरगा जवळ आहे.

१५ मार्च, शनिवार

स्टुडिओवाल्याला खोली परत द्यायची म्हणून राजदीप आज दुकान रिकामं करायला गेला. टेबलं विकली. वाट्या खोक्यात भरून आणल्या. सगळ्यात शेवटी तो स्टीलचा डबा आणला. डबा वाजत होता. त्या दिवशी दोन्ही किलो शिजला नव्हता, हे माझ्या लक्षातच राहिलं नव्हतं. त्याने डबा उघडला नाही. स्वयंपाकघरात ठेवला आणि आंघोळीला गेला.

मी उठून डबा लपवावा असं मनात आलं. अन्नपूर्णा दारात उभी होती.

१६ मार्च, रविवार

आज होळी. दुपारचा स्वयंपाक राजदीपने केला. म्हणाला, "आई, तू बस." दोन महिन्यांनी चुलीजवळ गेला म्हणून अन्नपूर्णाचे डोळे भरले. मला वाटलं, पोर सावरलं. बाहेर पोरं लाकडं ओढून नेत होती, ओरडत होती.

त्याने तिघांची ताटं घेतली. काळ्या वाट्या नाहीत, आपली नेहमीची ताटं. वरण, मरळीचा रस्सा, आणि भात. माझ्या ताटात त्याने स्वतः वाढला. पळीवरून भात पडला आणि ताटभर पसरला. मोकळा. शीत नि शीत वेगळं. वासाने खोली भरली.

तो माझ्यासमोर मांडी घालून बसला. त्याच्या मुठीत काहीतरी होतं. मूठ उघडली, चार-पाच कच्चे दाणे होते.

"डब्यातला दाना चावून पाहिला मी, बाबा," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. गादीवर सॅम्पल सांगतात तसा आवाज होता. "दोन वर्षांचा आहे."

"अडीच," मी म्हणालो.

तोंडातून निघून गेलं. चाळीस वर्षांची सवय.

अन्नपूर्णाने डोळे मिटले. राजदीपने मान हलवली, हळूहळू, दोनदा, माल पटल्यावर हलवतात तशी. हातातले दाणे त्याने माझ्या ताटाच्या काठावर एकेक करून ठेवले.

"जेवा," तो म्हणाला. "पाहुन्याचा भात आहे."

तो उठला, खुंटीवरचा सदरा घेतला आणि बाहेर गेला. कुठे जातो ते मी विचारलं नाही. मी जेवलो. सगळा संपवला. काही शितं धोतरावर सांडली होती, ती एकेक वेचून खाल्ली.

दिवे लागले तरी तो आलेला नाही. त्याचं ताट अन्नपूर्णाने झाकून ठेवलं आहे.